कुलपाचं कारण

दिल्लीजवळ मानेसरमध्ये कामगारांच्या मुलांसाठी एक केंद्र आहे. ते दुपारी चार वाजता बंद होतं. बी शिफ्टवाल्यांची बस दुपारी निघते आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर त्यांना परत आणून सोडते. म्हणजे आई कामावर जाऊन हात चालू करते न करते, तोच आम्ही तिच्या मुलांना म्हणतो, चला, झालं, घरी जा. घरी कोण आहे, हे आम्ही विचारत नाही. चारलाच का, तर आम्हा कर्मचाऱ्यांना दिल्लीला परत नेणारी गाडी चारला सुटते म्हणून. दुसरं कारण नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी हे बोलले, तेव्हा आमच्या मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, हसून म्हणाल्या, "तू अजून पत्रकं वाटण्याच्या मूडमध्ये आहेस."

होतेच. कॉलेजात मी दुसरं काही केलं नव्हतं. पत्रकाचं एक बरं असतं. कारण आणि मागणी एकाच पानावर लिहावी लागते. कारण खोटं असेल तर मागणी तिथल्या तिथे उघडी पडते. संस्थेत असं नसतं. तिथे मागणीला 'सजेशन' म्हणतात आणि कारण कुणी विचारत नाही.

केंद्रात सगळे हिंदी बोलायचे. एकदा आठेक वर्षांच्या एका मुलीच्या हातातला खडू तुटला आणि ती पुटपुटली, "अगं बाई!" मी मान वर केली. परभणीकडची निघाली. बाप गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला म्हणून इथे आला, पुढे चेन्नईकडे गेला आणि तिकडचाच झाला. आई इथेच ठेकेदाराकडे, वायरिंग जोडायच्या कामावर. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. त्या दिवसापासून मी तिची ताई झाले. तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. माझे निम्मे शब्द दिल्लीने खाल्लेत.

ही मुलगी एक आठवडा यायची आणि एक आठवडा गायब व्हायची. आईची बी शिफ्ट लागली की गायब. म्हणून एका दुपारी मी तिच्या गल्लीत गेले. एका ओळीत खोल्या, वर पत्रा, शेवटाला सगळ्यांचा मिळून एक नळ आणि एक संडास. तिच्या दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण हाय?"

"मी. ताई."

"ताई, दार नाही उघडत. आईनं बाहेरून कोयंड्याला कुलूप घातलंय."

कोयंडा म्हणजे काय ते मला कुलूप बघून कळलं. तिने हे अगदी समजावून सांगितलं, थोड्या मंद माणसाला सांगावं तसं.

"जेवलात का?"

"हो. डबा आहे. पाणी आहे. बादली पण ठेवलीय."

बादली कशाला, हे मी विचारलं नाही.

"आई येईपर्यंत काय करता मग?"

"झरोक्यातून बघतो. आज एक कुत्री आली, पिल्लं घेऊन. ताई, तू कुणाला सांगू नको हं. आई रागावेल."

शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "औरत समझदार है, मैडम. ताला पक्का लगाती है."

जून महिना होता. पत्र्याखाली दोन मुलं. ठिणगी पडली तर कोण उघडणार होतं? किल्ली आईच्या कमरेला आणि आई कारखान्याच्या गेटाआड.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिफ्टच्या आधी, मी आईला गाठलं. आम्हाला शिकवलेलं असतं की बोलणं सुरू होण्याआधी समोरच्याला एक गोष्ट सांगायची. मी शिकवल्याप्रमाणे हिंदीत सांगितली. आप जो बताएँगी वो हमारे बीच रहेगा, लेकिन बच्चे को ख़तरा हुआ तो मुझे आगे बताना पड़ेगा.

ती खळखळून हसली. "अगं, मराठी येतं ना तुला? मग ही स्टेशनावरच्या बाईवानी काय अनाउन्समेंट करतीस? आत ये. चहा घे."

मी आत गेले. आणि तिने मराठीत सगळं सांगितलं.

दोन खोल्या सोडून एक माणूस राहायचा. मुलांना टॉफी द्यायचा, मोबाईल दाखवायचा. होळीच्या सुमाराला एक दिवस मशीन बंद पडलं म्हणून हिला लवकर सोडलं. घरी आली तर स्वतःच्याच खोलीचं दार आतून लावलेलं. ठोठावल्यावर त्याने उघडलं. धाकटा झोपलेला, मुलगी कोपऱ्यात. तो म्हणाला, बच्ची डर रही थी, इसलिए बैठा था.

"दार का लावलं होतं, ते नाही सांगितलं मेल्यानं."

"आणि ती काय म्हणाली?"

"ती? काहीच नाही. नुसतं म्हणाली, आई, तू उद्या जाऊ नको. आता मी जाऊ नको तर खाऊ काय? दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. चांगलं, महागातलं."

मी पोलीस हा शब्द काढला. ती ताडकन उठली.

"काय सांगू पोलिसाला? दार लावलं होतं म्हणून? मकानमालकाचा तो लाडका. गल्ली बोट दाखवणार ते माझ्या पोरीकडं, त्याच्याकडं नाही. हे बघ, मी हे मॅडमला नाही सांगितलं. माझ्या गावाकडच्या पोरीला सांगितलं. इथून बाहेर जाता कामा नये."

मी तिच्या गावाकडची नव्हते. पण होळीपासून जे तिने कुणालाच, कुठल्याच भाषेत सांगितलं नव्हतं, ते आपल्या बोलीत बोलायला मिळालं म्हणून ती बोलली होती. आणि कायदा मला गप्प बसायची मुभा देत नाही, हेही मला ठाऊक होतं. मुलाच्या बाबतीत असा संशय आला की पोलिसांना जाऊन सांगावंच लागतं. मी म्हटलं, कुलपाचं मी सांगणार, ते अख्ख्या गल्लीला दिसतंय. उरलेलं आपण दोघींनी मिळून सांगू. दोन दिवसांत. मी बरोबर येते. ती म्हणाली, बघू. म्हणजे नाही.

मी केंद्रात जाऊन मॅडमना कुलपाचं सांगितलं आणि लगेच मागणी ठेवली. संध्याकाळचं केंद्र सुरू करा. मी थांबते, शेअर ऑटोने परत जाईन. मॅडम म्हणाल्या, "बच्चों को लॉक करना नेग्लेक्ट है. आज के आज बालकल्याण कमिटीला कळवते. उद्या काही झालं तर आपले हात स्वच्छ राहिले पाहिजेत."

मॅडम नागपूरच्या. आमचं बोलणं असंच, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

"आणि कारखान्यातलं पाळणाघर? मी बघितलंय. भिंतीवर जिराफ आहे. मुलं किती होती माहितीय? एकही नाही. ठेकेदाराकडच्या बायकांच्या पोरांना आत घेत नाहीत."

"यार, प्लीज. त्यांच्याच पैशावर आपलं केंद्र चालतं. तो आपला विषय नाही."

आपला विषय नाही! बाईने घातलेलं कुलूप आपला विषय. ते घालायला कुणी लावलं, तो आपला विषय नाही. हात स्वच्छ ठेवण्याची एवढी हौस असलेली माणसं मी दवाखान्यातही पाहिली नाहीत. त्याच संध्याकाळी समितीला कळवून झालं. त्यात आईचा हलगर्जीपणा असं लिहिलं होतं. तिच्याकडे मागितलेले माझे दोन दिवस तिथेच संपले.

घरी जेवताना मी गप्प होते. आईला, म्हणजे माझ्या आईला, गप्प माणूस सहन होत नाही.

"काय झालं? सांग ना."

"नाही सांगता येत. कामाचं आहे."

"अगं, मी कुणाला सांगणारेय?"

"महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना. रविवारपर्यंत."

बाबा हसले. आई फुगली. मग मी एवढंच विचारलं, की ती मंत्रालयात नोकरीला जायची तेव्हा मी शाळेतून येऊन काय करायचे?

"अच्छा, ते! गळ्यात किल्ली होती की तुझ्या. स्वतः दार उघडायचीस, आतून कडी लावायचीस, मॅगी करायचीस. सगळे म्हणायचे, किती इंडिपेंडंट आहे!"

"तिसरीत होते मी."

"मग? वरच्या मजल्यावर काकू होत्या ना."

तिसरीतली मी, गॅस पेटवणारी, इंडिपेंडंट. मानेसरची ती, दुर्लक्षित. माझ्या आईवर समिती बसली नाही. बसायला हवी होती असं मी म्हणत नाही. मी म्हणते, ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर काकू असतात, त्यांनी कुलूप बघून तोंड वाकडं करू नये.

समितीसमोर तिची हिंदी अडखळू लागली, म्हणून मला दुभाषी म्हणून उभं केलं. ती कंपनीच्या करड्या शर्टात आली होती; तिथून थेट शिफ्टला जायचं होतं. मुलगी भावाचा शर्ट मागून मुठीत धरून उभी होती. टेबलामागच्या बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्यापुढे जे होतं ते एवढंच, कुलूप.

"बंद करके चली जाती हो? आग लग जाती तो?"

मी मराठीत सांगितलं. तिने मान हलवली.

"पर क्यों? पड़ोस में किसी से कह देती."

तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. पहारा होता.

कुलपाचं कारण हाच तिचा एकमेव बचाव होता आणि ते कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं. तिने सांगितलं नाही, तर ती निष्काळजी आई ठरणार. मी सांगितलं, तर मी तिचा विश्वास विकणार. प्रशिक्षणात अशा प्रसंगाला 'संतुलन साधा' म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याला तिथे त्या दोन पोरांसमोर उभं करायला हवं होतं.

टेबलामागून वाक्य आलं, "तो फ़िलहाल दोनों को बालगृह में रख देते हैं."

मुलीला हिंदी येत होती. तिने भावाला जवळ ओढलं.

मी आईला म्हटलं, "सांग. नाहीतर नेतील."

"नाही."

"मग मी सांगते."

"तू सांगितलंस तर..."

मी सांगितलं. हिंदीत, सगळं, तो माणूस, ते आतून लावलेलं दार. मी दुभाषी होते. पण तिने न बोललेलं मी बोलत होते. ती जमिनीकडे बघत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मुलीला दुसऱ्या खोलीत एका समुपदेशक ताईंकडे बसवलं. ती तिथे काय बोलली, ते मला नंतर कळलं. ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

मुलं आईकडेच राहिली. त्या माणसाला पोलिसांनी उचललं. आणि मकानमालकाने खोली कुणाला रिकामी करायला सांगितली? तिला. "लाइन की बदनामी हुई," म्हणाला. गल्लीने बोट पोरीकडे दाखवलं, तिने सांगितलं होतं अगदी तसंच. तिचं सगळं खरं ठरलं.

मॅडमना मात्र आनंद झाला. म्हणाल्या, वार्षिक अहवालात घेऊ, सक्सेस स्टोरी, नाव बदलून. त्या गल्लीत मराठी कुटुंब एकच होतं. नाव बदलून काय झाकणार? मी म्हटलं, घ्याल तर मी राजीनामा देईन आणि का दिला ते गेटावर उभी राहून वाचून दाखवीन. त्यांनी घेतली नाही. तत्त्व पटलं म्हणून नाही. मी गेटावर उभी राहीन हे त्यांना पटलं.

केंद्र अजून चारलाच बंद होतं. म्हणून मी पुन्हा पत्रक लिहिलं. मागणी: केंद्र शिफ्ट सुटेपर्यंत उघडं ठेवा, पाळणाघरात ठेकेदाराच्या कामगारांची मुलं घ्या. पहिल्यांदाच मला कारणाशिवाय पत्रक लिहावं लागलं. हातातलं सगळ्यात मोठं कारण मला वापरायचं नव्हतं. पत्रक मिळमिळीत झालं. तसंच छापलं.

शेअर ऑटोच्या थांब्यावर वाटत होते, तेव्हा तिघी-चौघींच्या घोळक्यात ती दिसली. कडेवर धाकटा, हाताला मुलगी. आता कारखान्याच्या पलीकडे राहतात, असं कळलं होतं. मुलीने मला पाहिलं.

"ताई!"

आई तिला म्हणाली, "ताई नहीं, मैडम बोलते हैं."

मग माझ्याकडे वळून, हिंदीतच, "दीजिए."

मी पत्रक दिलं. तिने ते तिथेच उभ्याउभ्या वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवून. ऑटोवाला ओरडत होता. तिने कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"इसमें हमारा तो कुछ नहीं है ना?"

"नहीं."

"कितने बजे तक खुलेगा?"

"ग्यारह. अगर माने तो."

तिने पत्रकाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि मुलांना आत चढवलं. मग हात पुढे केला. "पाँच-छह और दीजिए. लाइन में बाँट दूँगी."