शाई कमी, म्हणून सोपा

पियानोचा एखादा तुकडा किती अवघड आहे, हे मी एकेकाळी कागदावरची शाई पाहून सांगत असे. एकूण एकदाच सांगितलं. पण अगदी खात्रीनं सांगितलं.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात कागदावर सरळ रेघ ओढणारा मी पहिलाच. त्यामुळे जगात जे जे रेघांवर काढलेलं असेल ते आपल्याला वाचता येतं, असा माझा समज झाला होता. सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये हा समज दोघांना मान्य नव्हता. एक माझी बायको शांता आणि दुसरा तिचा भाऊ वामन. (वामन रेल्वेत गार्ड. राहायचा भिलाई-३ च्या रेल्वे वसाहतीत, जेवायचा आमच्याकडे.)

आमची सुमन अकरा वर्षांची होती. एका रशियन इंजिनीयरची बायको क्लबच्या हॉलमधल्या पियानोवर मुलांना शिकवायची. नाव ल्युदमिला, सगळे ल्युदाबाई म्हणायचे. आठ महिने सुमन तिच्याकडे शिकली आणि बरी वाजवायला लागली. मग बाईंच्या नवऱ्याला महिनाभर कामासाठी बाहेर जावं लागलं. बाईही निघाल्या. त्याच महिन्यात हॉलचं रंगकाम निघालं आणि पियानो ताडपत्रीखाली गेला. बाई शनिवारी परतणार आणि रविवारी मुलांचा कार्यक्रम, असा एकूण बेत होता.

जाताना बाईंनी माझ्या हातात तीन कागद दिले. "तीन एत्यूद," त्या म्हणाल्या. एत्यूद म्हणजे बोटांना वळण लावण्यासाठी रचलेला तुकडा. "एक चुनो. सुमन के हाथ के लिए. मुश्किल नहीं! सुमन से पूछो."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिन्ही कागद जमिनीवर मांडले. पाच-पाच रेघा आणि त्यांवर ठिपके. पहिला कागद म्हणजे मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा काळाकुट्ट. दुसरा मध्यम. तिसरा स्वच्छ! इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मधे भरपूर हवा. मी पट्टी घेऊन एका चौरस इंचात किती ठिपके येतात ते मोजलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: पहिला अशक्य, दुसरा कठीण, तिसरा सोपा.

"बाबा," सुमन म्हणाली, "ह्या तिसऱ्यातले सूर लय दूर दूर हायेत ना."

"दूर दूर हायेत म्हणजे मोकळे हायेत. बोटाले बोट लागत नाई."

"पण वरतं लिवलं हाये का..."

"ते लिवणाऱ्याचं नाव हाये!" (ते नाव नव्हतं. 'अतिशय जलद' अशा अर्थाचा परदेशी शब्द होता तो. पण मला हे कळायला अजून महिना होता.)

वामन पाटावर बसून भात कालवत होता. तो म्हणाला, "भाऊजी, ज्या गाडीले स्टेशनं कमी, ते मेल असते. पॅसेंजर नाई."

"तू जेव," मी म्हणालो.

शांता म्हणाली, "अवो, वाजवनार कोन हाये? पोरगी ना? मंग तिले कावून नाई विचारून राहिले तुमी?"

"ती लहान हाये. तिले काय समजते?"

आता सरावाचा प्रश्न. पियानो ताडपत्रीखाली. मी म्हणालो, त्यात काय, आपण पियानो काढू. बाई जायच्या आधीच मी पट्ट्यांची मापं टिपून आणली होती, अगदी सुतासुतानं. घरी लांब फळी होती ती साडेतीन फुटी. पियानोच्या पट्ट्या भरल्या पूर्ण चार फूट. कागदावर वस्तू मावत नसेल तर स्केल लहान करायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्केल लहान केलं. आठाचे सात. फळीवर पांढरा रंग दिला, काळ्या पट्ट्या शाईनं भरल्या, कडा अशा धारदार काढल्या की शेजारचे लोक पाहायला आले. एकानं तर वाजवूनही पाहिला आणि "आवाज नाई येऊन राहिला," अशी तक्रार केली.

महिनाभर सुमननं त्या फळीवर सराव केला. टकटक, टकटक. न बघता हात इकडून तिकडे उडी मारायचा आणि बरोबर पट्टीवर पडायचा. मी स्वतः शेजारी बसून तपासायचो. एकही चूक नाही! सूर ऐकू येत नव्हते हे खरं, पण नकाशाप्रमाणे काम शंभर टक्के होतं.

मग मी आमच्या सेक्शनच्या साहेबांना कार्यक्रमाचं बोलावणं केलं. ते म्हणाले, "क्या बजाएगी बिटिया?" मला काय झालं कोण जाणे, मी छाती काढून म्हणालो, "सर, तीन में से सबसे कठिन वाला." साहेबांशी मी उभ्या नोकरीत एकच थाप मारली, आणि ती खरी निघाली.

शनिवारी बाईंची गाडी आठ तास उशिरा आली, त्यामुळे भेट झाली ती थेट रविवारी सकाळी दहाला. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्याजवळ मी, मागे शांता आणि वामन. सुमन निळा फ्रॉक घालून आली, वाकली, बसली, कागद लावला. कागद पाहून ल्युदाबाईंच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, कौतुक.

सुमननं पहिला सूर वाजवला. सुरेख! हात उडाला आणि दुसरा सूर वाजला. कुठेतरी डबा पडावा तसा. ती थांबली. परत सुरुवात केली. हात उडाला, परत डबा. तिसऱ्यांदाही तेच, आणि अगदी त्याच जागी! चूक करण्यातसुद्धा पोरीचा हात इतका नेमका होता की मला क्षणभर अभिमान वाटला.

मग सुमन स्टुलावर वळली आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाली, "बाबा, हा पियानो मोठा हाये!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. ज्यांना मराठी येत नव्हती तेही वळले. माझे कान भट्टीसारखे तापले. पण सुमनची हनुवटी थरथरायला लागली होती, ते दिसलं आणि कानांचं विसरलो. उठून तिच्याकडे जावं असं फार वाटलं. मी उठायला लागलो, पण माझ्या आधी ल्युदाबाई पोहोचल्या.

"किसने चुना?" त्यांनी विचारलं. सुमननं बोट दाखवलं.

"यह तीन साल बाद का है," बाई म्हणाल्या. "और घर में कहाँ बजाया?"

सुमननं खरं ते सांगितलं. मुलीवर मी संस्कारच तसे केले होते. "बाबा ने लकड़ी पर पियानो बनाया. लकड़ी छोटी थी, तो पियानो भी छोटा बनाया."

साहेबांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बाई सुमनच्या कानात काहीतरी बोलल्या. सुमननं डोळे पुसले, कागद बदलला आणि वाजवायला लागली. मी पाहिलं तर काळाकुट्ट कागद! अशक्य! पण तिची दहा बोटं जागच्या जागी भराभरा नाचत होती, कुठेही लांब जायचं नव्हतं, आणि सूर असे सुटत होते की पहिल्या रांगेतले रशियन लोक मान डोलवू लागले. एक-दोन ठिकाणी अडखळली. पण शेवटपर्यंत गेली. टाळ्या पडल्या. शांता तर उभी राहिली.

"हा कदी बसवला वो तू?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तुमी ड्युटीवर गेले का वाजवत होती. मले तोच सोपा वाटला. मामाले ठाऊक हाये."

"मंग मले कावून नाई सांगितलं?"

"तुमी त्यावर अशक्य लिवलं होतं ना, बाबा."

वामन दुसरीकडे बघत होता. ल्युदाबाई जवळ आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आप बहुत अच्छे पिता हैं. अगली बार कागज मैं सुमन को दूँगी." मी मान हलवली. दुसरं काही हलवण्यासारखं उरलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात गेलो, तर साहेबांनी माझी गेल्या सहा महिन्यांची सगळी ड्रॉइंगं फेरतपासणीला मागवली होती. दोन माणसं तीन दिवस पट्टी घेऊन बसली. सगळी मापं बरोबर निघाली. साहेबांना याचं फार आश्चर्य वाटलं. मला त्यांच्याहून जास्त.