दत्तरावांची रेती

बांधकामावर रेतीचा ढीग दिसला की दत्तराव स्कूटर थांबवत, मूठभर रेती उचलत आणि डोळे मिटून गालावर घासत. हिंगोलीत कुणी घर बांधायला काढलं की मालकाआधी यांनी तिथली रेती तपासलेली असायची. गवंडी हसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही हसलो होतो. माणूस कामातून गेलाय असंच वाटलं.

आम्ही एकाच कचेरीत, शेजारच्या टेबलांवर होतो. माशांचा नाद मला त्यांनीच लावला. काचेच्या टाकीत रंगीत खडे घालणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. कोरी नावाचे छोटे, मिशाळ मासे त्यांचे लाडके. हे मासे दिवसभर तळाची रेती तोंडाने चाळून खाणं शोधतात. म्हणून रेती नदीचीच हवी, पाण्याने झिजून गोल झालेली. खडी फोडून केलेल्या रेतीला धार असते. "आपल्या गालाला जी टोचती, ती त्यांच्या मिशीला टोचणारच," ते म्हणायचे. "मासं बोलत न्हाई, म्हणून आपण घासून बघायचं." कयाधू नदीची रेती बादलीत घालून गढूळपणा जाईपर्यंत ते धूत बसत, आणि मलाही बसवत. कंटाळा यायचा, पण माणूस मन लावून शिकवायचा.

एके सकाळी माझ्या टाकीच्या काचेला कोरीची अंडी चिकटलेली दिसली. त्यांच्याकडे इतकी वर्षं मासे असून एकदाही अंडी झाली नव्हती. मी आनंदाने पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. पुढे कचेरीतले हौशी लोक माझ्या टेबलाशी येऊन विचारपूस करू लागले, तेव्हा ते फायलीत डोकं घालून बसायचे. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

पिल्लं जरा मोठी झाल्यावर ते स्वतःच ओल्या रेतीची पिशवी घेऊन घरी आले. जुनी रेती घाण झाली, बदलून टाकू, म्हणाले. "तुमी चहाचं बघा, रेती मी टाकतो." गुरूने आणलेली रेती त्याच्यासमोर गालाला लावून कशी पाहणार? कुणाच्या घरी वाढलेल्या ताटाचा वास घेऊन पाहण्याइतकंच ते वाईट दिसलं असतं. मी मुकाट्याने चहाचं बघितलं.

थोड्याच दिवसांत मासे तळाशी जाईनासे झाले. मिशा झिजून नुसते खुंट उरले, तोंडं पांढरी पडली. काय करू, हे मी रोज त्यांनाच विचारत होतो आणि ते पाणी बदला म्हणून सांगत होते. पिल्लं आधी गेली, मग मोठे मासे. शेवटी रिकाम्या टाकीत हात घालून मी रेती उपसली. वर नदीच्या रेतीचा पातळ थर होता, खाली सगळी खडी फोडून केलेली रेती. गालावर घासली तर गाल सोलवटला.

भांडायचं ठरवूनच त्यांच्या घरी गेलो, पण तोंडातून एवढंच निघालं, "काहून केलं, दत्तराव?"

त्यांनी नाकारलं नाही. स्वतःच्या टाकीकडे बघत म्हणाले, "माझे मासे म्हातारे होऊन राहिले. एक अंडं न्हाई दिलं त्यांनी. अन् लोक मला सोडून तुमाला विचारून राहिले." मग माझ्याकडे वळून, "मला वाटलं, तुमी घासून बघताल. तुमी बघितलंच न्हाई." जणू चूक माझीच होती. मी चप्पल घातली आणि निघालो.

निवृत्त होऊन ते गावी, कुरुंद्याला गेले. निरोपसमारंभाला मी गेलो नाही. आजही कुणी माशांबद्दल विचारलं तर मी त्यांचंच सांगतो, त्यांचं नाव घेऊन. जे येतं ते त्यांच्यामुळे, मग खोटं कसं बोलू?

परवा टाकी नव्याने लावत होतो. बायको मदतीला आली. पदर खोचून ती रेती सारखी करायला पाण्यात हात घालणार, तोच मी तिचं मनगट धरलं. "माझा बी भरोसा न्हाई व्हय तुमाला?" ती म्हणाली. तिने हात पुसला आणि आत निघून गेली. मासे मेले तेव्हा आला नव्हता, इतका दत्तरावांचा राग मला त्या वेळी आला.