भावंडं ठेवायची जागा

शाळेच्या मैदानातला रेतीचा ढीग मीच उचलायला लावला. हे सांगताना आजही माझ्या तोंडून आधी दोन-चार सबबी निघतात, आणि त्या सगळ्या खऱ्याच आहेत. त्या रेतीत मांजरी घाण करत. पोरांच्या पायांनी ती वर्गात येई, सतरंजीत घुसे, खडूच्या डब्यातसुद्धा सापडे. शौचालयाचं बांधकाम झालं तेव्हा ठेकेदाराने उरलेली रेती होती तिथेच सोडून दिली होती, आणि ती चार वर्षं व्हरांड्याच्या ओट्यालगत मैदानात पसरत बसली होती.

आमची शाळा नांदुऱ्यापासून बरीच आत. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा, समोर काळ्या मातीचं मैदान. शिक्षक दोनच. एक मुख्याध्यापक सर, जे निवृत्तीला आलेले आहेत आणि ज्यांना कशाचाच त्रास होत नाही. दुसरी मी, रोज खामगावहून स्कूटीने येणारी, जिला सगळ्याचाच त्रास होतो.

त्यात मी खो-खोवाली. कॉलेजात असताना जिल्ह्यापर्यंत खेळलेली. या शाळेत आल्या आल्या मी मैदानात दोन खांब रोवून घेतले आणि तिसरी-चौथीच्या मुलींना खाली बसवलं. पहिल्या हिवाळ्यातच त्या इतक्या छान खेळायला लागल्या की दुपारच्या सुटीत डबा अर्धा टाकून पळत. आजूबाजूच्या शाळांमध्ये मुली ओट्यावर बसून एकमेकींच्या वेण्या घालत असायच्या, आणि माझ्या मुली धुळीने माखलेल्या. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, शिक्षण परिषदेत मी एकदा माईक हातात धरून सांगितलंही होतं, की मुलींना खेळतं करणं हे शेवटी शिक्षिकेच्या हातात असतं. टाळ्या पडल्या होत्या.

त्या मुलींत एक अशी होती की तिला पळताना पाहून मला माझंच वय विसरायला व्हायचं. तेव्हा ती तिसरीत होती. अंगाने काटकुळी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. पण खांबाला हात लावून वळताना ती जवळजवळ जमिनीला टेकायची आणि तरीही पडायची नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला स्वतःला कधी ते जमलं नाही. ही पोरगी चौथीत गेली की केंद्राच्या स्पर्धेत आमची शाळा उतरवायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि तिला तसं सांगूनही टाकलं होतं. ती फक्त हसली होती. पण दुसऱ्या दिवसापासून ती शाळा भरायच्या आधी येऊन एकटीच खांबाभोवती वळायचा सराव करायला लागली.

ती चौथीत गेली त्या वर्षी स्वच्छ शाळेची तपासणी येणार असं पत्र आलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमीच पाहा बापा." मग मी पाहिलंच. भिंती रंगवल्या, व्हरांड्यावर पाढे लिहून घेतले आणि रेतीकडे मोर्चा वळवला. गावात देवळाच्या भिंतीचं काम निघालं होतं. त्यांनी ट्रॅक्टर आणला आणि एका सकाळी ढीग साफ झाला. त्या जागी मी तिरप्या विटा लावून फुलांचा वाफा केला. विटांना आळीपाळीने गेरू आणि चुना. वाफ्यात शेवंती, सदाफुली. खो-खोच्या मैदानावर फक्कीने सरळ रेघा मारल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या वाफ्यापाशी उभं राहून फोटो काढला.

आणखी एक हिशोब माझ्या डोक्यात होता, तो आता सांगायला लाज वाटते. कापूस वेचायचे दिवस आले की गावातल्या बाया सकाळीच शेतात जातात, आणि मग मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शाळेत येतात. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आतली पोरं ठेवून घेत नाहीत. वर्षा-दीड वर्षाची ही शेंबडी पोरं शाळेत आली की कोणी रडतंय, कोणी पुस्तक फाडतंय. मला वाटायचं, ही पोरं रेतीच्या ओढीने येतात. रेती गेली की पोरं यायची बंद होतील.

दिवाळीची सुटी संपली, वेचणी जोरात सुरू झाली. पोरं आलीच. आणि मुलींचा खेळ बंद पडला.

एकदम नाही पडला. आधी दोघी-तिघी ओट्यावर बसायला लागल्या. मग खाली बसायला आठ जणीही जमेनात, म्हणून बाकीच्याही येऊन बसल्या. मुलगे त्या सरळ रेघांवरून खुशाल क्रिकेट खेळायला लागले. मी चिडले. "काय गं, एवढ्यात म्हाताऱ्या झालात का?" असं रोज विचारायची. मुली खाली मान घालून हसायच्या. मग मी मोबाइलला दोष दिला, टीव्हीला दिला. पालकसभेत मुलींना शेंगदाणे-गूळ द्या म्हणून सांगितलं. व्यायामाचे फायदे फळ्यावर लिहून सगळ्यांकडून वहीत उतरवून घेतले. आमच्या त्याच काटकुळ्या मुलीने ते इतक्या सुंदर अक्षरात उतरवले की मी तिला शाबासकी दिली. ते लिहीत असताना तिचा भाऊ तिच्या मांडीवर बसून तिची वेणी ओढत होता.

स्पर्धा जवळ आली तशी माझा धीर सुटला. एका दुपारी मी मुलींना अक्षरशः ओढत मैदानात नेलं. "त्याला ठेव तिथे ओट्यावर आणि उतर," मी तिला म्हणाले. तिने भावाला ओट्याच्या भिंतीला टेकवून बसवलं, हातात बिस्कीट दिलं आणि उतरली. पण ती खेळतच नव्हती. चार पावलं पळायची आणि ओट्याकडे पाहायची. खांबावर आली, वळायच्या ऐवजी थांबली आणि बाद झाली.

"लक्ष कुठाय तुझं?" मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले.

लक्ष जिथे होतं तिथूनच तेवढ्यात किंकाळी आली. तो दुडदुडत ओट्याच्या कडेला आला होता आणि खाली वाफ्यात पडला होता. माझ्या तिरप्या विटेच्या टोकाने त्याचा ओठ फाटला होता. मी पोचायच्या आत तिने त्याला उचललं. तिच्या फ्रॉकच्या खांद्यावर रक्त उतरत होतं, आणि ती त्याला हलवत माझ्याकडे पाहून म्हणत होती, "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम." त्याने पडताना शेवंतीची दोन रोपं मोडली होती, त्याबद्दल ती माफी मागत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

तिची आई नुकतीच शेतातून आली होती. कापसाचं गाठोडं दाराशीच होतं आणि बोंडांनी ओरखडलेली बोटं ती पाण्यात बुडवून बसली होती. मला पाहून उठली, पोरीला चहा ठेवायला सांगितलं. पोराचा ओठ सुजून मोठा झाला होता, पण स्वारी मजेत होती.

"वेचणी संपेलोक घरीच राहू द्या मॅडम तिले," आई म्हणाली. "त्याले पाह्यते. शाळेत आणखी पडला-झडला तं कोणाले बोलू?"

"अहो पण तिची स्पर्धा आहे. चांगली खेळते ती."

"हाव, खेळे. मले काय मालूम नाई?" ती हसली. "मांगल्या वर्सी घरी आली का सांगे, आज इतल्या जणीले बाद केलं म्हने. तवा हा लहानसा होता, त्याले रेतीत बसवे अन् पळे. रेतीत तो पडे बी नाई, निंघे बी नाई. आता रेती नेली तुमी. कुठी ठेवन ते त्याले?"



चुलीजवळून ती मुलगीच हळूच म्हणाली, "फुलाईत ठेवलं तं तो फुलं तोडते. मंग तुमी रागावता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून तिने कारण सांगितलं होतं, बस. खरं तर मी विचारलंही नव्हतं. त्या एवढ्या दिवसांत मी शेंगदाण्यापासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना विचारून झाले, फक्त मुलींना विचारलं नाही. चहा गोड होता, तो मी कसाबसा संपवला. निघताना आईला म्हणाले, "मला फक्त सोमवारपर्यंत वेळ द्या."

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्या सांगनार होतो मॅडम, पण तुमी ट्रॅक्टर बोलावून मोकळ्या झाल्या होत्या." त्यांचा मला रागही आला आणि हसूही. देवळाची भिंत बांधून झाली होती, तरी तिच्या मागे थोडी रेती उरली होती. ती मी मागून आणली. बाकीची मुलीच नाल्यातून आणायला लागल्या, पिशव्यांतून, घमेल्यातून, एकीने तर दप्तर रिकामं करून त्यातून.

एवढं होऊनही माझी खोड काही गेली नाही. ती रेती मी शौचालयाच्या मागे, आडोशाला घालून घेतली. तिथे ती नजरेआड होती आणि मैदान नीटनेटकं दिसत होतं. मुली जाऊन पाहून आल्या आणि गुपचूप उभ्या राहिल्या. या वेळी मी विचारलं.

"तिकून पोट्टं दिसत नाई ना मॅडम," तिसरीतली एक म्हणाली. "खाली बसलं का तोंड इकडे राह्यते एकीचं, तिकडे राह्यते एकीचं. दोघीईले दिसलं पायजे."

खो-खोत एकीआड एक मुली उलट तोंडाने बसतात, हे मी त्यांना शिकवलं होतं. मग दोन्ही बाजूंना तोंड करून बसलेल्या मुलींना, आणि पळणारीलाही, दिसेल अशी जागा त्या मैदानात एकच होती. ओट्याजवळच्या खांबाच्या टोकाशी, जिथे जुना ढीग होता आणि आता माझा वाफा होता. शेवंतीला त्या दिवशी टपोऱ्या कळ्या आल्या होत्या. मी विटा उपटल्या, रोपं कुंड्यांत लावायला मुलांकडे दिली, आणि रेती तिथे ओतून घेतली. साहेबांच्या फोटोतली जागा आता नाही. पुन्हा तपासणी आली तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे.

सोमवारी ती आली. भावाच्या ओठावर खपली धरली होती. तिने त्याला रेतीत ठेवलं, त्याच्याभोवती पायाने एक गोल ओढला, आणि आणखी तीन पोरांना त्याच्याशेजारी बसताना पाहिलं. मग ती मैदानात आली. मी शिट्टी फुंकली.

ती पळाली, पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वेग तोच होता, वळणही तेच. तिचा डावा हात मात्र हलत नव्हता. तो कमरेपाशी वाकलेला, तळवा आत वळलेला, जसा कोणाला तरी धरून ठेवला आहे. आणि खांदा एका बाजूला उतरलेला. महिनाभर ती अशीच चालत होती, आणि आता रिकाम्या हाताने पळतानाही अंग ते विसरत नव्हतं. दोन खांब झाले, तीन झाले. चौथ्या वळणावर तोल सावरायला तो हात सुटला आणि बाहेर आला. मग ती जमिनीला टेकेल इतकी वळली आणि सुटलीच. खाली बसलेल्या मुली ओरडत होत्या. मी शिट्टी वाजवायची विसरले. वेळ संपून गेली होती, तरी ती पळतच होती.

तो उतरलेला खांदा मी आधीही पाहिला होता, पण कुठे ते आठवेना. घरी येऊन भाजी चिरायला बसले तेव्हा आठवलं. माझी मोठी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शेगावला असते. घरातल्या प्रत्येक फोटोत ती डावीकडे झुकलेली दिसते. आम्ही भावंडं तिला त्यावरून चिडवत आलो.

मी तिला फोन लावला. मुलीची सगळी हकिकत सांगितली, ती कौतुकाने ऐकत होती. मग विचारलं, "ताई, तू शाळेत काय खेळायचीस गं?"

"मी?" तिला खरंच हसू आलं. "मी कधी खेळली? तू होती ना कडेवर."

ती पलीकडून विचारत राहिली, "काऊन वं, आवाज येऊन राह्यला ना तुले?"