बोर अडकलं

आमच्या मुलीचं बोरन्हाण पहिल्या संक्रांतीला करायचं राहून गेलं होतं. तेव्हा ती इतकी लहान होती की तिच्या डोक्यावर बोरं ओतणं म्हणजे मारहाण झाली असती. म्हणून ते या वर्षावर ढकललं. आता ती चार पावलं चालते, पाचव्याला बसते आणि बसल्या जागी जे हाताला लागेल ते तपासायला घेते.

बोरन्हाण हा मुळात दहा मिनिटांचा मामला. लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि शेजारच्या पोरांनी ते लुटायचे. बायकोच्या मनात घरातल्या घरात करायचं होतं. पण तिनं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं महिला मंडळाला, आणि मंडळानं कॉलनीच्या अध्यक्षांना. आमच्या नांदेडात एखादी गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली की तिचा सोहळा होतो.

कॉलनीच्या मोकळ्या जागेत, सार्वजनिक बोअरवेलच्या शेजारी मंडप पडला. आमच्याकडे बोअरवेलला सगळे नुसतं 'बोर' म्हणतात. फ्लेक्स लागला. त्यावर पाच लेकरांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे होते आणि हात जोडलेले अध्यक्ष पूर्ण उंचीचे. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बोरन्हाण त्यांचंच आहे. निमंत्रणपत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली, खाली संपर्कासाठी अध्यक्षांचा नंबर. बायकोनं ती लातूरला तिच्या वडिलांना पाठवली. ते येणार नव्हते, कारण सासूबाईंचे गुडघे. "व्हिडिओ काढा म्हणजे झालं," असं त्यांनी फोनवर सांगितलं. म्हणून मी माझा फोन आईच्या हातात देऊन ठेवला होता. तिनं पुढं त्यात स्वतःच्या अंगठ्याचा बराच मोठा व्हिडिओ काढला.

बोरं माझ्या आईनं हदगावहून मागवली होती, आपल्या माहेरच्या शेताच्या बांधावरची. अगदी बारीक, गावरान, चण्याहून थोडी मोठी. बाजारातली ती सफरचंदासारखी बोरं तिला मान्य नाहीत. "त्याला काय चव हाय? भोपळा हाय तो," असं तिचं मत.

पाच वाजता पाच लेकरं पाच पाटांवर बसली. समोर व्यासपीठ. अध्यक्ष सूत्रसंचालकाकडून स्वतःची ओळख ऐकत बशीतली बोरं खात होते आणि आठळ्या शिस्तीत बशीच्या काठावर मांडत होते. ओळख लांबली तशा आठळ्या वाढल्या. मग ते बोलायला उठले आणि बशी व्यासपीठाच्या कडेला राहिली, बरोबर आमच्या मुलीच्या उंचीवर.

भाषण 'महाराष्ट्राची थोर परंपरा' इथपर्यंत आलं असेल, तेव्हा ती शिंकली. पुन्हा शिंकली. मग कपाळाला आठी घालून गप्प बसली. आमची मुलगी सहसा गप्प बसत नाही. बायकोनं तिची हनुवटी वर केली, मोबाइलचा उजेड धरला आणि म्हणाली, "अहो, हिच्या नाकात काहीतरी आहे." उजव्या नाकपुडीत आत काहीतरी तपकिरी चमकत होतं.

आमच्या भोवती लगेच चार बायका जमल्या आणि दबक्या आवाजात उपाय सुचले, कारण भाषण चालू होतं. एकीनं केसातली पिन काढली. दुसरीनं तपकीर आणते म्हणून सांगितलं. बायकोनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनं आपल्या फोनवरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, "काही करू नका. पिन नको, बोट नको. घेऊन या. आणि रडू देऊ नका. रडताना जोरात श्वास आत घेतला आणि ते मागं घशात घसरून श्वासनलिकेत गेलं, तर मग साधं राहणार नाही."

हे बायकोनं मला शब्दशः सांगितलं. आम्ही मागच्या मागं मंडपातून निघालो. आईला एवढंच सांगितलं की नाकात बोर गेलंय, काढायला नेतो, रडू द्यायचं नाहीय, तू घरी जा.

लेकराला रडू न देणं ही गोष्ट सांगायला सोपी आहे. रिक्षात बसल्याबरोबर तिचा खालचा ओठ पुढं आला. तो ओठ आम्ही ओळखतो. त्यानंतर फार वेळ मिळत नाही. बायकोनं अंगाई सुरू केली, पण तिचा आवाज असा कापत होता की लेकरू आणखी सावध झालं. मला माकडचाळे येत नाहीत. आवाज काढता येत नाहीत. मला त्या क्षणी एकच गोष्ट येत होती, कारण ती अर्धा तास कानावर पडत होती. मी छाती काढली आणि सुरू झालो.

"व्यासपीठावर उपस्थित असलेले सर्व मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या तमाम माता-भगिनींनो."

ओठ थांबला.

"आज या ठिकाणी, या मंगल प्रसंगी, मी आपणास सांगू इच्छितो."

ती हसली. मग मी थांबलोच नाही. रस्त्यावर दिसेल त्याचं स्वागत केलं. चष्म्याच्या दुकानाचं, रसवंतीचं, उलट्या बाजूनं घुसलेल्या ट्रॅक्टरचं. प्रत्येक 'या ठिकाणी'ला ती खिदळायची. इतकी वर्षं मी या भाषेची टिंगल करत आलो, पण तिचा इतका नेमका उपयोग मी तोवर पाहिला नव्हता. रिक्षावाले चाचा आरशात बघत होते. सिग्नलला मी दम घ्यायला थांबलो तर म्हणाले, "रुको मत भाई. बोलते रहो, बच्ची सुन रही. खड्डे मैं देखतूं."

बायको तिच्या नाकाकडं बघत होती, आणि मी बायकोकडं बघायचं टाळत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी उजेड टाकून पाहिलं, आणि चिमटा उचलतील असं मला वाटलं तर तो बाजूला ठेवला. बायकोला म्हणाल्या, "तुम्ही काढा."

"मी?"

"डावी नाकपुडी मी दाबते. तुम्ही तिच्या तोंडावर तोंड ठेवा, पापा घेतो तसं, आणि एकदम फुंकर मारा. आतून दाब आला की ते बाहेरच येतं. मला ती घाबरेल, तुम्हाला नाही."

पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. लेकरू चकित होऊन आईकडं बघत राहिलं. आई असलं काही करेल असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या फुंकरीला काहीतरी सुटलं आणि माझ्या शर्टावर येऊन चिकटलं. बोराची आठळी. नीट चोखलेली, स्वच्छ. माझ्या मुलीनं आयुष्यात बोर खाल्लेलं नाही, त्यामुळं ती कुणाची होती याबद्दल मला शंका नाही, पण पुरावाही नाही.

बाईंनी पुन्हा उजेड टाकला, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि "झालं" म्हणाल्या. मग मुलगी रडली. भरपूर रडली. आम्ही तिला रडू दिलं. बायको हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

परत आलो तर मंडप रिकामा आणि सगळी कॉलनी बोअरवेलभोवती. मधोमध अध्यक्ष, हातात माइक. "कुणीही घाबरून जाऊ नये," असं ते सांगत होते आणि प्रत्येक वेळी लोक थोडे जास्त घाबरत होते. मोटार बंद केली होती. कुणीतरी शिडी आणली होती, ती कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. त्या बोअरवेलला जाड लोखंडी झाकण नट-बोल्टनं बसवलेलं आहे. त्याच्या फटीतून बोरदेखील आत जाणार नाही. पण झाकणाकडं कुणी बघत नव्हतं, सगळे अध्यक्षांकडं बघत होते.

आम्ही पुढं सरकायला लागलो तर एक बाई बायकोला म्हणाली, "ओ ताई, लेकरू घेऊन कुठं घुसायलाव? मागं व्हा. बोरात लेकरू पडलंय."

"कुणाचं?"

"ते काळ्या झबल्यातलं. हलव्याचे दागिने घातलेलं." मग तिनं कडेवरच्या मुलीकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेच की," ती म्हणाली, जराशा नाराजीनं.

अध्यक्षांना लातूरहून फोन आला होता. माझ्या सासऱ्यांचा. 'तुमच्या बोरात माझी नात पडली,' असं ते म्हणाले. अध्यक्षांनी पाटाकडं पाहिलं तर तो रिकामा.

आता हे लातूरला कसं पोचलं, ते आईकडून समजलं. ती घरी जात असताना माझा फोन वाजला. तिनं उचलला. लाउडस्पीकर मागं चालूच होता. बोलणं असं झालं, आणि आईला ते पाठ आहे, कारण तिच्या मते त्यात तिची काहीच चूक नाही.

"विहीणबाई, ती फोन उचलत न्हाई. लेकरू कुठं हाय?"

"बोर अडकलं ना भाऊ."

"बोरात अडकलं?"

"हाव, बोरच. काढून राहिले."

"किती आत हाय?"

"लई न्हाई. बोटभर."

इथं त्यांनी शंभर ऐकलं. लातूरचा माणूस शंभर ऐकल्यावर फूट की मीटर विचारत बसत नाही. तिथं दोन शेजारी भेटले की कुणाच्या बोरला किती फुटांवर पाणी लागलं याच गप्पा होतात. बोर म्हणजे झाडाला लागतं तेही, हे तिथल्या माणसाला आधी आठवत नाही.

"दिसतं का?"

"उजेड धरला की दिसतं म्हणे."

"रडतंय का?"

"न्हाई. रडू द्यायचं न्हाई. तिचा बाप बोलून राहिला तिच्याशी."

यानंतर त्यांनी फोन ठेवला.

बायकोनं आपला फोन पाहिला. कार्यक्रमासाठी तिनं तो मुका करून ठेवला होता, आणि डॉक्टरीणबाईंशी बोलल्यावर बघितलाच नव्हता. त्यावर वडिलांचे मिस्ड कॉल एकाखाली एक होते. तिनं लावला तर त्यांचा फोन बंद. लातूरच्या घरी लावला. सासूबाई म्हणाल्या, "बँकेचं काम आहे म्हणून भाड्याची गाडी करून गेले. काय झालं गं?" बायको म्हणाली काही नाही.

मग पुढचे दोन-तीन तास आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. नाकातली आठळी निघाली होती, लेकरू वरणभात खाऊन घरभर फिरत होतं, आणि त्याच लेकराच्या काळजीत एक रक्तदाबाचा माणूस लातूर-नांदेडच्या त्या रस्त्यावर गाडीत बसला होता. बायको दर थोड्या वेळानं फोन लावायची आणि बंद ऐकून ठेवायची. "गोळी घेतली असेल का त्यांनी?" असं तिनं मला विचारलं. मग थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. अध्यक्ष दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा विचारपूस करायला, दुसऱ्यांदा बचावकार्य यशस्वी झालं असं लिहून फोटोसह ग्रुपवर टाकू का म्हणून विचारायला. आईनं त्यांना चहा दिला, बोरं दिली नाहीत.

नऊच्या सुमारास गाडी आली. मी धावत खाली गेलो, पण बायको माझ्या आधी पोचली, मुलीला घेऊन. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडीचं दार उघडलं आणि तसेच बसून राहिले. एक पाय बाहेर, एक आत. मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि नेहमीप्रमाणं चष्मा ओढला. त्यांनी ओढू दिला.

"निघाली?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, ती पडलीच नव्हती. नाकात बोराची आठळी गेली होती."

"नाकात," असं ते एकदा म्हणाले, जसं एखादं गाव नकाशात शोधावं. मग वर आले, आईकडं पाहून म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही शंभर म्हणालाव."

"बोटभर म्हणाले मी. बोटभर."

"मग बोर कशाला म्हणालाव?"

"बोराला बोर न्हाई तर काय म्हणू? आंबा म्हणू?"

ड्रायव्हर गाडीतलं सामान घेऊन वर आला. कपड्यांची पिशवी नव्हती. पाण्याची बाटली, एक मोठी बॅटरी, आणि नव्याकोऱ्या दोराचं वेटोळं, इतकं जड की ड्रायव्हरनं ते खांद्यावर टाकून आणलं होतं. अहमदपुरात गाडी थांबवून घेतलं, तो म्हणाला. दुकानदाराला साहेबांनी सांगितलं, शंभर फुटांच्या वर पाहिजे.

आम्ही सगळ्यांनी त्या दोराकडं पाहिलं. अप्पांनी नाही. ते सोफ्यावर बसून नातीचं नाक बघत होते. एकदा उजवं, एकदा डावं, मग पुन्हा उजवं. मी आयुष्यात कार्यक्रमांतून बरीच मोठी माणसं पाहिली आहेत. पण सत्तरीतला एक माणूस, ज्याला घरच्या जिन्यावर धाप लागते, तो एवढा दोर घेऊन एकटा येतो, त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. त्या दोराचं तो काय करणार होता, हे त्यालाही ठाऊक नसावं.

"जेवायला वाढू का अप्पा?" बायकोनं विचारलं.

"वाढ," ते म्हणाले. "पण हिला इथंच राहू दे."

ते जेवले तेव्हा ती त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी डाव्या हातानं तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली होती, कारण ताटात वाटाण्याची उसळ होती.