सेलीनचं पाचारण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि चर्चमध्ये कन्फेशनच्या जाळीमागं बसलेल्या फादरांनाही नाही. तिथं मी चिडचीड, चहाड्या असली किरकोळ पापं सांगते आणि हे गिळून परत येते.

आमचं गाव ठाण्यात, घोडबंदरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आता चहूकडं टॉवर आलेत. पण आमच्या ख्रिस्ती आळीत जवळजवळ प्रत्येक घरातलं एक जण देवाला दिलेलं. कोणाचा मुलगा फादर, कोणाची मुलगी सिस्टर, आणि दारातून शिरताच भिंतीवर त्यांचा फोटो. आमच्या भिंतीवर नुसतं कॅलेंडर. आई त्या भिंतीकडं बघून उसासे टाकायची तेव्हा माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं. पोरं काय नवसाची कोंबडी आहेत?

पण थांबा — हा राग मला सोयीचा आहे. कारण माझ्या धाकट्या बहिणीला, सेलीनला, कोणी ढकललं नव्हतं. तिला खरंच सिस्टर व्हायचं होतं. पाचारण म्हणतात आमच्यात — देवाची हाक. ती हाक आल्यापासून पोरगी इतकी खुशीत होती की मला बघवत नव्हतं.

का बघवत नव्हतं? पप्पा वारलेले. आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. माझं लग्न डोंबिवलीत ठरलेलं. सेलीन गेली तर आईचं कोण करणार? मी. दुसरं कोण होतं?

कॉन्व्हेंटमधून एक वयस्कर सिस्टर घरी चौकशीला आल्या. चहा झाला. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. त्यांनी सहजच विचारलं, "तब्येत कशी असते गं हिची?"

"तशी बरी असते, सिस्टर," मी म्हटलं. "फक्त मधूनमधून फिट येतात. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका हं."

तिला कधीही फिट आलेली नव्हती. एकदाही नाही.

नकार आला. कारण दिलं नाही. सख्खी बहीणच सांगतेय म्हटल्यावर कोण कशाला तपासणार? आई पडल्या पडल्या सेलीनलाच बोलली, "तुझ्यातच काहीतरी कमी असणार." मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

मी लग्न करून डोंबिवलीला आले. मग ती गोष्ट कुठून कशी फुटली, कोण जाणे — सेलीनला बघून गेलेल्या वसईच्या लोकांनी निरोप पाठवला, मुलीला फिट येतात म्हणे. आणि मी काय केलं? गावी गेले आणि आळीतच राहणाऱ्या मावशीवर संशय घेऊन तिच्या दारात उभी राहून ओरडले, "कोणी पसरवलं हे? एका पोरीचं आयुष्य नासवताना लाज नाही वाटत?" आख्खी आळी जमली. मावशी रडायला लागली. तिनं बिचारीनं काहीच केलं नव्हतं. सेलीननं माझा हात धरला. "जाऊ दे ना, ताई. किती भांडतेस माझ्यासाठी."

तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं. वर तिनं आणून दिलेलं पाणी प्यायले.

आई गेली. सेलीन त्या घरात एकटीच राहते. गेल्या रविवारी गावात एका नव्या फादरची पहिली मिस्सा, म्हणजे त्यानं चालवलेली पहिली प्रार्थना होती. बँड, मांडव, सगळं. वेदीवरची फुलं सेलीननं लावलेली. जेवणाच्या पंगतीत शेजारच्या काकी बोलून गेल्या, "तुला काही देवानं बोलावलं नाही बघ, सेलीन."

सेलीन हसली. "बोलावलं होतं, काकी. मीच कमी पडले."

मी तिच्या समोरच बसले होते.

परतताना शीळफाट्याला गाडी अडकली. नवरा पुढच्या ट्रकला शिव्या घालत होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.