कोर्ट उठेपर्यंत

ज्या गुन्ह्याची शिक्षा मी भोगली तो मी केलेला नाही. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पंचवटीत राहायचो. एका सकाळी दादा वडिलांची स्कूटर घेऊन मखमलाबाद रस्त्याने भरधाव येत होता. डोक्यावर शेवंतीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या एका बाईला त्याने वळणावर उडवलं. तिचा खुबा मोडला. दादा थांबला नाही. कुणीतरी स्कूटरचा नंबर टिपला होता, त्यामुळे दुपारी हवालदार आमच्या दारात उभे.

दादाची नुकतीच सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. मी एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाचे दोन विषय राहिलेला. वडील मला आत घेऊन गेले.

"तू चालवत होतास म्हण," ते हळूच म्हणाले. "तुला कुठे सरकारी नोकरी करायचीय?"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. दळण कुणी आणायचं, सिलिंडरच्या रांगेत कुणी उभं राहायचं, हे आमच्याकडे जसं ठरायचं तसंच हेही ठरलं. ज्याचं फारसं काही बिघडणार नाही, त्याच्या गळ्यात काम. मला रागसुद्धा आला नाही. उलट आपण घराच्या उपयोगी पडतोय म्हणून बरं वाटलं. गाढव होतो, दुसरं काय.

दादाने माझ्याकडून सगळं घोकून घेतलं. वळण कुठलं, ब्रेक कधी दाबला, पाटी कुठे उडाली. वकील म्हणाले, "कबूल करून टाक. दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत बसावं लागेल, विषय संपला. तुला काय पासपोर्टबिसपोर्ट काढायचाय का?" सगळे हसले, मीही हसलो. न्यायाधीशांनी विचारल्यावर मी हो म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो. मी कबुली दिल्यामुळे त्या बाईला साक्षीला बोलवावंच लागलं नाही. मी तिला कधीच पाहिलं नाही.

तरी ती दिसायला लागली. आधी स्वप्नात, मग भर दिवसा. हँडलचा हिसका माझ्या तळहातांना कळायचा. चाकाखाली फुलं चिरडल्याचा वास यायचा. पुढे नोकरीसाठी न्यूझीलंडला गेलो, तिथे शेवंतीच्या पाट्या कुठल्या, पण वळण आलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर. बैलगाडी हाकताय का, असं बायको चिडवायची.

काही वर्षांनी आम्ही तिघांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. बायकोचं आणि मुलीचं झालं, माझं अडलं. व्हिसाच्या वेळीही मी ही शिक्षा लपवली नव्हती, पण आता त्यांना निकालाची नक्कल हवी होती, शिवाय समोरासमोर मुलाखत. खरं सांगावं, तर कोर्टात खोटं बोललो हे कबूल करायचं, म्हणजे माझा अर्ज गेला आणि दादाच्या नोकरीवरही बालंट. पुन्हा खोटं बोलावं, तर त्या खोट्यावरच या देशाची शपथ घ्यायची. मला बायको-मुलीबरोबर एका देशाचं व्हायचं होतं. बाकी काही नको होतं.

नकलेसाठी नाशिकला आलो तेव्हा एका दुपारी त्या वळणावर गेलो. रस्ता रुंद झाला होता. एका बाजूला फुलांचा मळा तेवढा उरला होता. खुरपणी करणाऱ्या एका बाईने विचारलं, "कोन पाहिजे, भाऊ?"

"कुणी नाही," म्हणालो आणि रिक्षात जाऊन बसलो.

मुलाखतीला मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. मी सगळं सांगितलं, वळण, ब्रेक, पाटी. सांगता सांगता रडायला आलं, आणि ते नाटक नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग विचारलं, "नंतर कधी त्या बाईंना भेटलात?"

याची तयारी मी केली नव्हती. नाही म्हणालो. का नाही, त्यांनी विचारलं. मी चालवत नव्हतो, हे शब्द अगदी ओठांवर आले.

"धीर झाला नाही," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. तेवढं मात्र खरं होतं.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. बायकोने शिरा केला. मी दादाला फोन लावला. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. अभिनंदनाआधी त्याने विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"तेच."

त्याने सुस्कारा सोडला. मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "दादा, पडल्यावर ती ओरडली होती का? मला तिचा आवाज ऐकू येतो. तो तू सांगितलेला आहे की माझ्याच मनाचा, कळत नाही."



"आता कुठे आठवतंय रे एवढं," तो म्हणाला. "खरं सांगू? मला तर हल्ली वाटतं, तूच चालवत होतास."