विसळलेल्या भांड्याचं दूध

आमच्या घराण्याची हाडं लोखंडाची, असं म्या पारावर बसून जलमभर सांगत आलो. सत्तावन्न वरसाचा झालो, तरी सोयाबीनचं पोतं एकटा पाठीवर घेतो. आमच्या ईट गावच्या बाजारात कुणालाबी इचारा, बब्रुवान कसा गडी हाय ते. आन् माजी थोरली बहीण सारजा, माजी आक्का, चौसष्टची. पर बघणारा ऐंशीची म्हणायचा. कमरेत वाकलेली, चार पावलं चालली की बसायची. नवरा गेल्यापासून माज्याकडंच ऱ्हायची. म्या तिला चिडवायचो, "आक्का, कामाचं नाव काढलं की बरी तुजी कंबर दुखती गं!" ती हसायची. माजी जीभ कशी झडली न्हाय तवाच!

गेल्या श्रावणात तिनं न्हाणीतली अर्धी बादली उचलली आन् मटकन खाली बसली. घसरली न्हाय, पाय मुरगळला न्हाय. नुसती बसली, आन् खुबा मोडला.

धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरीनबाई तरुण, पर बोलायला लई शांत. फोटो उजेडापुढं धरून म्हणाल्या, "हाडांची चाळणी झालीय. स्क्रू बसवला तरी धरणार कशात?" मग आक्काला इचारलं, "आजी, लहानपणी दूधदुभतं मिळायचं का?"

"व्हय की," आक्का म्हणाली. "शेळी व्हती आमची. रोज प्यालेय म्या."

रोज प्याली म्हणं!

बहात्तरच्या दुष्काळात आक्का अकराची, म्या चारचा. आई, बाप आन् ही पोर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरी आल्यावर शेळी राखायची तिनं, धार काढायची तिनं. आन् दूध? सगळं मला. मला सारखा ताप यायचा, त्यात वंशाचा दिवा! आई माज्या तोंडाला भांडं लावायची. माजं पिऊन झालं की त्याच भांड्यात पाणी घालायची, बोटानं विसळायची आन् ते पांढरट पाणी आक्काला द्यायची. आक्का मिटक्या मारत प्यायची. दुष्काळ सरला, पर रीत तीच ऱ्हायली. चौदाव्या वरशी तिचं लगीन होईस्तोवर म्या हे डोळ्यानं बघितलंय. पुढं विशीच्या आत तीन बाळंतपणं झाली.

म्या म्हणलं, "न्हाय ओ बाई, दूध म्या प्यालो. ही भांडं विसळलेलं पाणी प्यालीय."

"गप रं!" आक्का खेकसली. "मेलेल्या आईला नाव ठेवतूस? त्यातबी दूध व्हतंच की."

डाक्टरीनबाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मामा, हाडं भरतात ती लहानपणी. तेव्हा भरली नाहीत, आणि वर एवढी बाळंतपणं. छातीही कमजोर आहे, भूल सोसायची नाही. घरी न्या. औषध द्या, दूध द्या."

"आता दूध?" म्या वरडलोच. "आता दूध देऊ व्हय?" म्या तिथंच जिन्यावर बसून रडलो. चणे आले तवा दात गेले, म्हणतात ते खोटं न्हाय.

घरी म्हैस व्हती, तरी म्या बाजारातून शेळी आणली. रोज सकाळी आपल्या हातानं धार काढायचो आन् आक्काच्या खाटंपाशी बसायचो. एवढं दूध पोटात गेलं तर ती उठून बसंल, काठी धरून का व्हईना दारापतूर येईल, एवढीच आशा. तर ती तोंडच उघडंना.

"तू प्यालास का? आदी तू."

"आगं, माजं पिऊन झालंय! पन्नास वरसं झाली!"

पर ऐकंल ती आक्का कसली. मग म्या तिच्यादेखत दोन घोट घ्यायचो, तवा कुठं ती पेल्याला तोंड लावायची. वर म्हणायची, "लई घट्ट हाय रं. सोसंना. वाईच पाणी घाल." म्या पाणी घालायचो. दुसरं काय करणार व्हतो?

दसऱ्याच्या आदल्या सकाळी म्या माजे दोन घोट घेतले आन् पेला तिच्या ओठाला लावला. दूध गालावरून उशीवर सांडलं. म्या पुसत ऱ्हायलो, "पी की गं, आक्का, म्या प्यालोय," म्हणत ऱ्हायलो. बायकोनं येऊन माजा हात धरला तवा मला कळलं.

तिचे दिवस झाले त्या सकाळी म्या धार काढली. सगळं दूध तिच्या नावानं चुलीत ओतून दिलं. मग आई करायची तसं रिकाम्या भांड्यात पाणी घातलं, बोटानं विसळलं आन् प्यालो.

नुसतं पाणी लागतं ओ. दुधाची चवबी येत न्हाय त्याला.